अंगावर काढू नका

(दहावी १९९५ च्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी माझा विषय ठरवूनच ठेवला होता. "तू आयटीतली. मोबाईलवरून फसवणूक कशी होते ते सांग, नाहीतर एआयवर बोल." मी म्हटलं, "मला बायकांच्या तब्येतीवर बोलायचंय." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग प्रश्न आला, "मग तेवढ्या वेळापुरतं पुरुषांना बाहेर चहाला पाठवायचं का?" मी म्हटलं, "चहा आतच द्या, पण सगळ्यांना बसवा. सरांना आणि बाईंनासुद्धा." आज सगळे बसलेले आहेत, त्याबद्दल आधीच आभार मानते.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून गेली तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. आज जे सांगणार आहे ते काही वाचून, काही डॉक्टरांना विचारून आणि काही स्वतः भोगून शिकलेलं आहे.

माऊलींची पालखी लोणंदला मुक्कामाला यायची तेव्हा आपल्या घराघरात वारकरी उतरायचे, आठवतं ना? आम्ही पाचवी-सहावीत असतानाची गोष्ट. आमच्या ओटीवर दिंडीतली पंधरा-वीस माणसं उतरली होती. आई पहाटेपासून चुलीपुढे होती. भाकरी, पिठलं, चहा, पाणी तापवणं. तिच्या अंगात ताप होता आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पालखी तरडगावकडे निघाली, दारातली रांगोळी पुसली गेली, त्यानंतर ती आडवी झाली ती चार दिवस उठली नाही. आजी पुढे कितीतरी वर्षं कौतुकानं सांगायची, "माझ्या सुनेनं ताप अंगावर काढला, पण एकाही माऊलीला उपाशी जाऊ दिलं नाही."

लहानपणी मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटायचा. "अंगावर काढणं" हे आपल्याकडे बाईच्या गुणांत मोजलं जातं. तापाचं ठीक आहे, तो चार दिवसांत उतरतो. पण काही आजार असे आहेत की ते अंगावर काढता येत नाहीत, कारण ते अंगात आहेत हेच आधी कळत नाही. आणि कळतं तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

आपल्या वर्गात खिडकीकडच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी होती. तुम्हाला सगळ्यांना ती आठवते. तिचं नाव मी घेणार नाही. इथे यायच्या आधी मी तिच्या मुलीला फोन केला होता. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही जरूर बोला. आईचं नाव तेवढं घेऊ नका, आजीला त्रास होईल."

२०१७ च्या दिवाळीत आमचं फोनवर बोलणं झालं. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "पाळीचं काही खरं राहिलं नाही गं. मधेच जातं. पांढरंही जातं. नवऱ्याजवळ गेलं की रक्त जातं. पाळी जायची वेळ आली असेल." तेव्हा आम्ही दोघी अडतीस वर्षांच्या. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हो गं, माझंही तसंच चाललंय. चाळिशी आली ना." आणि आम्ही दोघी हसलो.

एवढं शिकलेली, शहरात राहणारी, इन्शुरन्स असलेली मैत्रीण, तिनंच "माझंही तसंच" म्हटल्यावर ती कशाला दवाखान्यात जाईल? ती पुढे गेली ती दीड वर्षानं. तोवर गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आजूबाजूला पसरला होता. २०१९ च्या पावसाळ्यात ती गेली. चाळिशी तिनं जेमतेम पाहिली.

तिच्या दहाव्याहून परत आल्यावर पहिल्याच सोमवारी मी तपासणीला गेले. आमच्या कंपनीत वर्षातून एकदा फुकट आरोग्य तपासणी असते. त्याचा मेल मला दरवर्षी येत होता आणि सहा वर्षं मी तो न उघडता बाजूला ठेवत होते. कधी प्रोजेक्टची तारीख, कधी मुलाची परीक्षा, कधी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. खरं कारण एकच होतं. मला काही होत नव्हतं. पाळी जरा पुढेमागे व्हायची, ती काय सगळ्यांचीच होते.

तपासणीत एचपीव्ही विषाणू सापडला. पुढे दुर्बिणीतून पाहिलं, छोटा तुकडा काढून तपासला. गर्भाशयमुखावरच्या पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, "असंच ठेवलं असतं तर काही वर्षांनी झाला असता, असं खात्रीनं कुणी सांगणार नाही. पण धोका मोठा होता." तेवढा भाग भूल देऊन काढून टाकला. सकाळी गेले, संध्याकाळी घरी येऊन कुकर लावला. आता ठरलेल्या वेळी पुन्हा तपासून घेते. बाकी काहीही नाही.

आम्ही दोघी एका बाकावर, एका वर्षी जन्मलेल्या. आजाराचं नावही जवळजवळ एकच. तिला तो दुखायला लागल्यावर सापडला आणि मला दुखायच्या आधी. आमच्या नशिबात फरक पडला तो एवढ्यानंच. आज मला जे सांगायचंय ते हेच आहे, पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण समजा.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम लिहून झाला की तो आधी टेस्टिंगला जातो. ग्राहकानं तक्रार करायची वाट कुणी बघत बसत नाही. ग्राहकाकडे गेल्यावर सापडलेली चूक निस्तरायला खूप जास्त खर्च येतो, हे नव्यानं लागलेल्या पोरालाही माहीत असतं. मी रोज आठ-दहा तास हेच काम करत होते आणि स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र तक्रार यायची वाट बघत होते.

आता हा आजार थोडक्यात समजून घेऊ. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना त्यासाठी २००८ साली नोबेल मिळालं. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो आणि शरीर तो आपोआप काढूनही टाकतं. थोड्या बायकांमध्ये तो वर्षानुवर्षं टिकून राहतो आणि तिथल्या पेशी बदलायला लागतात. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं, पुष्कळदा त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून रिपोर्टमध्ये एचपीव्ही आला तर "हा कुठून आला, कुणी दिला" असा तपास घरात लावायचा नाही. त्यातून कुणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मीही दोन दिवस रिपोर्ट कपाटात लपवून ठेवला होता, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दहा-पंधरा वर्षं हातात असतात, याचा अर्थ तेवढ्या काळात एकदोनदा जरी नीट तपासलं तरी तो आधीच पकडता येतो. हे जगाला कुणी सिद्ध करून दाखवलं, माहीत आहे? आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या बायकांनी.

बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने यांनी, मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधल्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या सोबतीनं, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. काही गटांत एचपीव्हीची तपासणी केली, काहींत पॅपची, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची. एका गटाला तुलनेसाठी नेहमीच्या सोयींवरच ठेवलं होतं. या शेवटच्या गोष्टीवर पुढे टीकाही झाली आणि ती समजण्यासारखी आहे. म्हणून ते आकडे वाचताना प्रत्येक आकडा एक बाई आहे, हे विसरू नये.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात सुमारे ३४ हजार बायका होत्या आणि तपासणी झाली होती फक्त एकदा. आठ वर्षांत त्या गटातल्या ३४ बायका या आजारानं गेल्या. तुलनेच्या गटात बायका थोड्या कमी, साडेएकतीस हजारांच्या आसपास, आणि तिथे गेल्या ६४. पुढच्या टप्प्यावर पोचलेला कॅन्सर पहिल्या गटात ३९ जणींना होता, दुसऱ्यात ८२ जणींना. आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे.

ज्या गटांत एकदाच पॅप किंवा एकदाच डोळ्यांनी पाहणी केली होती, तिथे मृत्यूंत एवढा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे तपासण्या सगळ्या सारख्या नसतात. कोणती करायची आणि किती वर्षांनी परत करायची, हे विचारून घ्यायला हवं.

त्याच सुमारास, १९९८ पासून, मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तिथे ॲसिटिक ॲसिडची साधी पद्धत वापरली, पण दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा. आपल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच हे ॲसिड, पातळ केलेलं. ते लावून मिनिटभर थांबायचं. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरा डाग दिसतो. बारा वर्षांनी पाहिलं तर या आजारानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. आणि ही तपासणी करणाऱ्या कोण होत्या? डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका. दहावीच्या मेळाव्यात हे सांगताना मला फार बरं वाटतंय. बाई, तुम्ही म्हणायचात ना, "दहावी झालेली मुलगी घर सुधारते." इथे दहावी झालेल्या मुलींनी लोकांचे जीव वाचवले.

धाराशिवच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. तपासणीला बोलावलेल्या बायकांपैकी दहातल्या जवळजवळ आठ जणी आल्या. शेतात राबणाऱ्या, पुष्कळशा निरक्षर. त्यांच्याकडे आरोग्यसेविका घरोघर गेल्या, समजावून सांगितलं, आणि त्या आल्या. आता आपलं बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की ही तपासणी तुम्ही कधी तरी केली आहे का. देशभरात "हो" म्हणणाऱ्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. आपल्या वर्गातल्या मुलींना मी गेल्या महिन्यात एकेकीला फोन करून हेच विचारलं. "हो" म्हणणाऱ्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या. त्यात दोघी शिक्षिका आहेत, एक बँकेत आहे. बाकीच्या प्रत्येकीचं उत्तर एकच होतं, "पण मला काही होत नाही."

आता स्तनांबद्दल. भारतातल्या बायकांमध्ये आज सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हा आहे. मुंबईच्या त्याच अभ्यासात दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी स्तनांची हातानं तपासणीही केली. वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१ साली निकाल आला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, पण गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या. म्हणून आपल्या वयात स्वतःची ओळख स्वतःला असणं महत्त्वाचं. अंघोळीच्या वेळी, पाळी संपल्यावर, महिन्यातून एकदा. गाठ लागते का, कातडी ओढल्यासारखी दिसते का, बोंड आत गेलंय का, त्यातून पाणी किंवा रक्त येतं का. दुखत नाही म्हणून गाठ सोडून देऊ नका, कारण या गाठी बहुतेक वेळा दुखतच नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मॅमोग्राफी कधीपासून आणि किती वर्षांनी करायची हे त्यांनाच विचारा. घरात आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला झाला असेल तर ते पहिल्यांदा सांगा.

कॅन्सरचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. पण आपल्यापैकी बहुतेकींना रोज छळणारे आजार वेगळेच आहेत, आणि तेही आपण अंगावर काढतो.

पहिला, रक्त कमी असणं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना तो आहे. हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. माझं त्या तपासणीत ८.९ निघालं. दोन वर्षं मी जिना चढताना थांबत होते आणि "वजन वाढलंय" म्हणत होते. कारण साधं होतं, पाळीत फार रक्त जात होतं. लोहाच्या गोळ्या घेतल्या, जेवणाबरोबरचा चहा बंद केला, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि मुख्य म्हणजे रक्त का जातंय ते शोधलं. नुसत्या गोळ्या घेणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरत राहणं.

दुसरा, थायरॉईड. थकवा, वजन वाढणं, केस गळणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, उदास वाटणं. हे सगळं "संसाराचा व्याप" म्हणून आपण गिळतो. त्यासाठी रक्ताची एक टीएसएच तपासणी पुरते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार बराच जास्त आहे.

तिसरा, बीपी आणि शुगर. ज्यांना गरोदरपणात शुगर झाली होती, त्यांना बाळंतपणानंतर ती उतरली तरी पुढे मधुमेह व्हायचा धोका जास्त राहतो. "तेव्हा होती, आता नाही" म्हणून विसरू नका, वर्षातून एकदा तपासा. आपल्या मुलींपैकी काहींना पीसीओएस सांगितलेलं असेल, पाळी दोन-दोन महिने न येणं, चेहऱ्यावर पुरळ किंवा केस. त्यांनाही पुढे शुगरकडे लक्ष ठेवावं लागतं. तो नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

चौथा, गर्भाशयातल्या गाठी, म्हणजे फायब्रॉईड. आपल्या वयात त्या पुष्कळ जणींना असतात आणि त्यांचा बहुतेक वेळा कॅन्सरशी संबंध नसतो. त्रास नसेल तर काही करावंही लागत नाही. हे सांगायचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे "पिशवी काढून टाका म्हणजे कटकट गेली" हा सल्ला फार सहज दिला आणि घेतला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती कमी वयात आणि किती मोठ्या संख्येनं काढल्या गेल्या, हे २०१९ साली उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यातही दर हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, त्यांच्या पाली आपण बघतो. पिशवी काढणं कधी कधी गरजेचं असतं. पण आधी विचारा: दुसरा उपाय आहे का? अंडाशय ठेवणार का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. भीतीनं काढलेली पिशवी म्हणजे तपासणी नव्हे.

पाचवी गोष्ट, पाळी जाणं. आपण सगळ्या आता त्या उंबरठ्यावर आहोत. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं म्हणतात. त्यानंतर अंगावरून एक थेंब जरी रक्त गेलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तसंच संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मधे जात असेल, वास येणारं पांढरं जात असेल, तर "चाळिशी आली" हे उत्तर नाही. मी ते उत्तर एकदा दिलेलं आहे.

आता नेमकं काय करायचं ते सांगते, लिहून घेतलंत तरी चालेल. वर्षातून एकदा वजन, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन. थायरॉईड डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. स्तनांची तपासणी. गर्भाशयमुखासाठी एचपीव्हीची तपासणी, ती निर्दोष आली तर पुन्हा पाच ते दहा वर्षांनी. नाहीतर पॅप दर तीन वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंतचं उद्दिष्ट ठरवलंय, त्यात सत्तर टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा चांगली तपासणी व्हावी असं म्हटलंय. आपण सेहेचाळीस वर्षांच्या आहोत. दोन्ही गाड्या आपण चुकवल्या, पण तिसरी फलाटावर उभी आहे.

पैशांची अडचण असेल तर हेही माहीत असू द्या. ३० ते ६५ वयाच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी व्हावी, असं केंद्र सरकारचं २०१६ पासूनचं धोरण आहे. आपल्या आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तिथे त्या दिवशी सोय नसेल तर कुठे आहे ते विचारा. आपण विचारलं नाही तर "मागणीच नाही" असं कागदावर जातं. आणि आजार निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत.

तपासणी दुखते का? थोडं अवघडल्यासारखं होतं, पाच मिनिटं. बाळंतपणं काढलेल्या बायकांना मी आणखी काय सांगू? लाज वाटते हे खरं. बाई डॉक्टर मागून घ्या. पण लाजेपायी दहा वर्षं थांबू नका.

आता समोर बसलेल्या मुलग्यांनो, पन्नाशीला आलात तरी मला तुम्ही मुलगेच. तुम्हाला बाहेर चहाला पाठवलं नाही त्याचं कारण ऐका. बायको स्वतःहून जाणार नाही. ती तुमची शुगर सांभाळेल, सासऱ्यांच्या गोळ्या मोजेल, मुलाचा टायफॉईड काढेल. तिला "चल, आज तुझा नंबर लावलाय" असं कुणीतरी म्हणावं लागतं. गाडी काढा, बाहेर बाकावर बसा, रिपोर्ट येईल तेव्हा बरोबर असा. माझ्या नवऱ्यानं कपाटातला रिपोर्ट शोधून काढला, वाचला आणि एवढंच म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतो." त्या तीन शब्दांनी मला जेवढा धीर आला तेवढा कशानं आला नाही.

आणि मुलींच्या बाबतीत एक. एचपीव्हीची लस आहे. आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं २०२३ मध्ये स्वतःची लस बाजारात आणली. ९ ते १४ या वयात दिली तर सगळ्यात चांगली. त्यापुढच्या मुलींसाठीही डॉक्टरांना विचारा. लस घेतली तरी पुढे तिशीनंतर तपासणी करावीच लागते, हेही सांगून ठेवा.

शेवटी एक प्रस्ताव मांडते. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यातलं. शाळेत असताना ३ जानेवारीला आपण त्यांच्यावर भाषणं करायचो, मी तर पाठ करून करायची. त्यांनी आपल्याला पाटी दिली. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्या गेल्या. तर दरवर्षी ३ जानेवारी ही आपल्या वर्गाची तपासणीची तारीख ठरवू या. त्या आठवड्यात प्रत्येकीनं जायचं. वर्गाच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकायचा नाही, आकडे सांगायचे नाहीत. फक्त एक शब्द लिहायचा, "झाली". आणि मुलग्यांनी लिहायचं, "नेऊन आणलं". जिचा शब्द आला नाही, तिला दुसऱ्या दिवशी मी फोन करणार. मला आठवण करून देणारी प्रणाली बनवायचा पगार मिळतो, ही एक फुकट बनवीन.

आज सकाळी शाळेत गेले तेव्हा त्या वर्गात जाऊन आले. बाकं नवीन आहेत. खिडकीतून मैदान तसंच दिसतं. तिची मुलगी आता बावीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिनं लसीबद्दल विचारायला मला फोन केला होता, आणि पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जाणार आहे. तिच्या आईबरोबर मी गेले नाही. हिच्याबरोबर जाते आहे.